अभय कोणी कोणास द्यावे?

भ्यालेल्याला अभय द्यावे, शरण आलेल्याला मारू नये, हा धर्म आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतो. पण जो कधी भ्यालाच नाही, त्याच्याविषयी आपले कर्तव्य कोणते?

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवर, प्रशांत महासागरात, गालापागोस नावाची द्वीपमाला आहे. तिथे माणूस फार उशिरा पोहोचला. त्याचे भय शिकायला तिथल्या प्राण्यांना सवडच मिळाली नाही. १८३५ साली चार्ल्स डार्विन तिथे गेला, तेव्हा फांदीवरच्या एका शिकारी पक्ष्याला त्याने बंदुकीच्या नळीने ढकलून पाहिले! समुद्रातले शेवाळ खाणारा घोरपडीसारखा एक प्राणी तिथे आहे, इग्वाना. डार्विनने त्याला उचलून खोल पाण्यात फेकले. तो पोहत सरळ डार्विनपाशीच परत आला. पुन्हा फेकले, पुन्हा आला. डार्विनने तर्क केला, की याचा वैरी शार्क पाण्यात असतो, जमिनीवर कोणीच नाही. म्हणून संकट आले की जमीन गाठायची, एवढेच याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. फेकणारा हात जमिनीवरच आहे, हे त्या बापड्याला उमगेना.

हा विश्वास कसला, हे तर अज्ञान, असे कोणी म्हणेल. असेल. देवमाशांच्या शिकाऱ्यांनी त्या अज्ञानाचा पुरेपूर लाभ घेतला. अन्नपाण्यावाचून कित्येक महिने जगणारी तिथली अजस्र कासवे त्यांनी ताज्या मांसाची बेगमी म्हणून जहाजांत जिवंत रचून नेली. पिंटा बेटावरच्या जातीचे अखेरचे ज्ञात कासव, ‘एकाकी जॉर्ज’, २०१२ साली मेले.

पण अज्ञानाने आपले ऋण फिटते का? रांगते मूल पणतीच्या ज्योतीकडे हात नेते, तेव्हा आपण मुलाला दोष देत बसत नाही. पणती उचलून वर ठेवतो. ज्याला कळते, त्याने जपायचे. त्या बेटांवर ती पणती आपणच आहोत.

१९५९ साली इक्वेडोरने तिथे राष्ट्रीय उद्यान केले. आज प्रवाशाने प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहावे असा तिथे नियम आहे. समुद्रसिंहाच्या पिलाला तो नियम ठाऊक नसतो; ते कुतूहलाने जवळ येते. मग मागे सरायचे ते माणसानेच.

भय हे दुबळ्याचे कुंपण असते. ज्याला ते नाही, त्याच्यासाठी बलवानाने ते स्वतःभोवती घालून घ्यावे. अभय देणे याहून वेगळे काय असते?