साखरेविना चहा

उपभोग घेताना मनाला जी टोचणी लागते, ती नेहमी योग्य जागीच लागते असे नाही. जिथे काही वावगे नाही तिथे आपण उगाच अपराधी होतो, आणि जिथे खरोखर थांबून विचार करावा तिथे मन निर्धास्त असते. नीतिशास्त्रात या विषयाची चर्चा विस्ताराने आढळते. मी मात्र तो एका साध्या, किंबहुना कुणाला क्षुल्लक वाटेल अशा उदाहरणावरून मांडणार आहे. ते उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील एखाद्या शहरातल्या चहागृहात निवांत बसून घेतलेला दुपारचा चहा.

नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मुलांकडे जाऊन आलेल्या आईवडिलांना हा प्रकार ठाऊक असेल. वेळ साधारण तीन ते पाच. टेबलावर चिनी मातीची किटली, गरम पाण्याचे वेगळे भांडे, दुधाचा लहानसा चंबू, गाळणी आणि तीन मजली तबक. खाली कडा कापलेली काकडीची सँडविचेस, मध्ये स्कोन आणि त्यांच्यासोबत घट्ट साय व जॅम, सर्वांत वर केक. खालून वर जायचे आणि घाई करायची नाही. या पद्धतीचे श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दिले जाते. १८४० च्या सुमारास उमरावांच्या घरी रात्रीचे जेवण आठपर्यंत लांबू लागले होते, आणि मधल्या वेळी लागणाऱ्या भुकेवर त्यांनी हा उपाय काढला, असे सांगतात. (आपल्याकडील बड्या हॉटेलांत यालाच ‘हाय टी’ म्हणतात. वास्तविक ब्रिटनमध्ये ‘हाय टी’ म्हणजे कामावरून दमून आलेल्या कष्टकऱ्यांचे मांसमासळीसह संध्याकाळचे जेवण. थाटाचे नाव निवडताना आपण नेमके मजुराचे ताट निवडले, यात मला थोडी गंमत वाटते.)

अशाच एका चहागृहात लेकाने व सुनेने नेलेल्या एक वयस्कर बाई मला रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. म्हणाल्या, “फादर, माणशी अडीच-तीन हजार रुपये झाले हो. तेवढ्यात आमची महिन्याची भाजी आली असती. सून म्हणाली, आई, खा. म्हणून खाल्लं. पण पाप तर नाही ना लागलं?”

आयुष्यभर काटकसरीने संसार ओढलेल्या स्त्रीचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच देऊन ठेवले आहे. ॲरिस्टॉटलचा धागा पकडून ते सांगतात की, शरीर थकते तसे मनही थकते; शरीराला जशी झोप, तशी मनाला निर्मळ सुखाची विश्रांती हवी. तिला स्थळ, काळ आणि व्यक्ती यांचे भान असावे, एवढीच अट. ते आणखी एक पाऊल पुढे जातात. जो कधीच हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो, तोही विवेकाविरुद्ध वागतो, असे त्यांचे म्हणणे आहे. या विवेचनात ते संत योहानाची एक जुनी आख्यायिका देतात. शिष्यांसोबत विरंगुळ्यात रमलेले योहान पाहून काही लोक नाराज झाले. त्यांतल्या एका धनुर्धाऱ्याला योहानांनी बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि मग विचारले, हे धनुष्य सतत ताणलेलेच ठेवता येईल का? तो उत्तरला, मोडेल. त्या मातेच्या आयुष्याचे धनुष्य चाळीस वर्षे ताणलेले होते. दोन तासांच्या चहाचा हिशेब तिने देवाला द्यावा, असे मला मुळीच वाटत नाही.

चहागृहाच्या बाजूने आणखीही सांगता येईल. ग्लासगो हे एकोणिसाव्या शतकात गुत्त्यांचे आणि दारुड्यांचे शहर म्हणून कुप्रसिद्ध होते. मद्यविरोधी चळवळीने तिथे जोर धरला, तेव्हा दारू सोडणाऱ्याने फावल्या वेळी बसायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. कॅथरीन क्रॅन्स्टन या बाईंनी १८७८ मध्ये तिथे पहिले चहागृह उघडले आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. १९०३ मध्ये त्यांनी वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांच्याकडून सॉखिहॉल रस्त्यावर ‘विलो टी रूम्स’ उभारून घेतले. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचे झाड. त्या रस्त्याच्या जुन्या स्कॉटिश नावाचा अर्थच वाळुंजांचे कुरण. उंच पाठीच्या रुपेरी खुर्च्या, जांभळी काच, मॅकिंटॉश यांच्या पत्नी मार्गारेट यांनी घडवलेले भित्तिचित्र, असा सारा थाट. २०१८ मध्ये ते जीर्णोद्धार होऊन पुन्हा खुले झाले. ज्या काळी प्रतिष्ठित स्त्रीने पुरुषाच्या सोबतीशिवाय बाहेर बसून खाणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळी इथे ती एकटी किंवा मैत्रिणींसह निर्धास्त बसू शकत होती. सौंदर्य, संयम आणि स्त्रियांचा सन्मान एका छताखाली आणणाऱ्या जागेला केवळ चैनीचे ठिकाण म्हणून निकालात काढता येत नाही.

इथवर सारे ठीक आहे. पण त्या बाईंनी न विचारलेला आणि सहसा कुणीच न विचारणारा एक दुसरा प्रश्न आहे. तो चहाच्या किमतीविषयी नसून, ती किंमत आधी कुणी कशी मोजली याविषयी आहे.

डचेस ॲनांची किटली टेबलावर आली त्याच वर्षांत, १८३९ ते १८४२, चीनशी पहिले अफूचे युद्ध चालू होते. चिनी चहाचे दाम चुकते करण्यासाठी इंग्रज व्यापाराने हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये ओतली होती. माळव्याची अफू तर आपल्या मुंबई बंदरातूनच रवाना होई. १८३९ मध्येच आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात विकला गेला. पुढे तिथल्या मळ्यांसाठी छोटा नागपूरचे आदिवासी करारात अडकवून नेले गेले, आणि पळून जाणाऱ्याला पकडण्याचा अधिकार कायद्याने मळेवाल्यांना मिळाला. ग्लासगोत जन्मलेल्या थॉमस लिप्टन यांनी १८९० मध्ये सिलोनमध्ये मळे घेतले, तिथे राबत होते तमिळ मजूर. आणि साखर? ग्लासगोची श्रीमंती तंबाखू आणि साखरेवर, म्हणजे गुलामांच्या पाठीवर वाढली होती. तिथल्या नगरपालिकेने २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

तर मग चहाच सोडावा काय? इथे मला एका जुन्या घटनेचा फार आधार वाटतो. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक ब्रिटिश संसदेने फेटाळले. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढून गुलामांनी पिकवलेली साखर वर्ज्य करण्याचे आवाहन केले. सुमारे तीन लाख माणसांनी ती सोडली, असा थॉमस क्लार्कसन यांचा अंदाज होता. या व्रताचा मोठा भार गृहिणींनी उचलला, कारण साखरेचे भांडे त्यांच्या हाती होते. त्यांना मताधिकार नव्हता. गुलामांच्या व्यापारावरील बंदी १८०७ मध्ये आणि गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये आला, म्हणजे अनेकींनी तो पाहिलाही नसेल. पण त्या चहाच्या टेबलावरून उठून गेल्या नाहीत. तिथेच बसून, मैत्रिणींशी बोलत, त्या साखरेविना चहा पीत राहिल्या. आनंद टिकवून त्यातले विष तेवढे काढण्याचा हा विवेक मला कोरड्या वैराग्यापेक्षा मोठा वाटतो.

आज हा विवेक अधिक अवघड झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. आपण चहा सोडला तर पहिली उपासमार तो खुडणारीचीच होईल. म्हणून बहिष्काराचे अस्त्र इथे जसेच्या तसे चालत नाही. ती खुडणारी किती मजुरीवर राबते, हे विचारत राहावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यातील मळ्यांत तिची दिवसाची मजुरी २५० रुपये ठरली. तीन मजली तबकाचा दर वर सांगितलाच आहे. भागाकार वाचकांनी करावा. त्या आदिवासी कुटुंबांत कॅथोलिकही पुष्कळ आहेत. रविवारी आपण म्हणतो तीच प्रार्थना तीही म्हणतात.

क्रॅन्स्टनबाईंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. पतीच्या निधनानंतर त्या व्यवसायातून निवृत्त झाल्या आणि १९३४ मध्ये वारल्या. त्यांनी आपल्या मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग ग्लासगोच्या गरिबांना ठेवला होता. या दानाचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र त्या गरिबांत सिलोनचे तमिळ मजूर किंवा आसामचे आदिवासी असण्याचा प्रश्नच नव्हता.