चौकटीतला आकडा

न्यू जर्सीत मी हाडांची शस्त्रक्रिया करतो. मनगटात पट्टी-स्क्रू बसवलेला माणूस पहिल्या दोन रात्री कळवळतो, आणि अशा वेळी त्याला ऑक्सिकोडोन हे सवय लावू शकणारं ओपिऑइड वेदनाशामक नाकारणं मला निर्दयपणाचं वाटतं. माझ्या मनाला लागलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याने हे औषध आजवर कधी घेतलेलं नाही, त्याला गोळ्या किती लिहून द्यायच्या?

कॉम्प्युटरवर एक चौकट येते. तिथे दहा लिहा की तीस, वेळ तेवढाच लागतो. तो आकडा टाकताना मी स्वतःला विचारतो, यात रुग्णाचं दुखणं किती आणि माझी सोय किती? शनिवारी रात्री फोन येऊ नये, पुन्हा चिठ्ठी लिहायला लागू नये, हे हिशेब मनात असतातच. रुग्णाच्या नोंदीत ते कुठेच दिसत नाहीत, म्हणून त्यांचा जाब माझा मलाच विचारावा लागतो.

सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी माझ्या डोक्यातून जात नाही. कॅन्सर नसलेल्या, नव्याने ओपिऑइड सुरू केलेल्या रुग्णांत किमान एक दिवस औषध मिळालेल्यांपैकी सुमारे 6 टक्के वर्षभरानंतरही ते घेत होते. सुरुवातीलाच आठ किंवा जास्त दिवसांचं औषध मिळालेल्यांत हे प्रमाण 13.5 टक्के होतं. ज्यांचं दुखणं मोठं, त्यांनाच जास्त दिवसांचं औषध दिलं गेलं असेल, हे खरं. पण तेवढ्यावर मला निश्चिंत होता येत नाही.

त्याच वर्षी आमच्या राज्याने तीव्र दुखण्यासाठीच्या पहिल्या चिठ्ठीवर पाच दिवसांची मर्यादा घातली. ती पाळली की कायदा खूश. पण ज्याला आयबुप्रोफेन आणि टायलेनॉलवर भागलं असतं, त्याला मी पाच दिवसांच्या गोळ्या का द्याव्यात?

आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. गोळ्या कमी करताना मी त्या कोणाच्या कमी करतो? कृष्णवर्णीयांच्या वेदना डॉक्टर कमी लेखतात, हे अमेरिकेत वारंवार दिसून आलं आहे. माझी सावधगिरी काही रुग्णांच्याच वाट्याला येत असेल, तर तो अन्याय आहे आणि त्याला मी जबाबदार आहे.

तुमच्यावर शस्त्रक्रिया होणार असेल, तर गोळ्या किती दिवसांच्या आणि कशासाठी, हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. परत घेणाऱ्या औषधाच्या दुकानात नेऊन द्या.