पाव भाग पाणी

मे महिन्यात ब्रह्मपुरीचं नाव पेपरात येतं ते उन्हासाठी. पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी नळ सोडला तर छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. या दिवसांत घरात फिशटँक असेल तर त्याचं पाणी सकाळीच बदलावं. माशाच्या अंगाला स्वतःची वेगळी ऊब नसते. पाणी जितकं तापेल तितकाच तोही तापतो. शिवाय पाणी गरम झालं की त्यातला प्राणवायू घटतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की आपल्याला वाटतं, भूक लागली बिचाऱ्यांना. आपण मायेनं आणखी चिमूटभर दाणे टाकतो. त्यांना हवी असते हवा.

हौशी माणसाची माया साफसफाईतही अशीच उतू जाते. सुट्टीचा दिवस, अंगात उत्साह. मासे बादलीत, गोटे साबणाच्या पाण्यात, फिल्टरचा स्पंज नळाखाली, टँक मोरीत. संध्याकाळपर्यंत सगळं चकाचक. आणि दोन-चार दिवसांत मासे मलूल होऊन तळाशी बसतात. घाण म्हणून जो बुळबुळीत थर आपण घासून काढला, त्यातच तर घर सांभाळणारे जिवाणू होते. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बऱ्याच कमी त्रासाचं नायट्रेट. त्यांचं बिऱ्हाड थाटायला महिनाभर तरी लागतो. साबण आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन ते तासाभरात मोडतात. म्हणून जाणकार एका वेळी पाव भागच पाणी काढतात. नवं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवतात, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो आणि बादली घरातच निवते. स्पंजही पिळतात तो टँकमधून काढलेल्या जुन्याच पाण्यात. दह्याचं भांडं घासायला टाकताना आपण चमचाभर विरजण बाजूला काढतोच की.

सगळं एकदम न उपसण्याची ही रीत आपल्या भागाला नवी नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडची धानाची शेती मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या जिवावर वाढली. मालगुजाऱ्या गेल्या, तलाव राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या काठाचा गाळ काढायचा आणि बांधीत नेऊन टाकायचा. मधल्या खोलगट भागाला हात लावायचा नाही. तिथलं पाणी गुरांना आणि मासळीला. बाकीचं काम पाऊस करतो. आपण मात्र स्वतःच्या बाबतीत सगळा तलाव एकदम उपसायला निघतो. सोमवारपासून पहाटे पाचला उठणं, चालणं, साखर बंद, मोबाइल बंद. असं करकरीत वेळापत्रक आखताना वडिलांबरोबर बसून घेतलेला सकाळचा चहाही त्यात धुऊन निघतो, आणि मग आठवडाभरात घर उगाच चिडचिडं का झालं ते कळत नाही. जे बदलायचं ते बदलावंच. पण काय राहू द्यायचं, हेही यादीत लिहावं, आणि माझं मत विचाराल तर ते आधी लिहावं.

आज एवढंच करून बघा. कपाट आवरायचं असेल तर एक कप्पा. रखडलेले फोन असतील तर एकच फोन. घरात फिशटँक असेल तर पाव भाग पाणी, तेही पाइपनं तळातला कचरा ओढत हळूहळू. काढलेलं पाणी मोरीत सोडू नका, त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. परसातल्या वांग्या-मिरचीला घाला. भर उन्हात लाइट गेली आणि हवेचा पंप थांबला, तर टँकमधलंच तांब्याभर पाणी वरून धार धरून परत ओतत राहा, तेवढ्यानं माशांना बरीच हवा मिळते. पाणी बदलायचं काम पंधरा मिनिटांचं आहे, आणि छतावरची टाकी तापायच्या आत उरकलेलं बरं.