न केलेल्या उड्डाणाची नोंद



विमानाने प्रवास करताना आपण एका अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव सोपवतो. त्याचा चेहराही बहुधा आपल्याला दिसत नाही. तरी आपण निर्धास्त असतो, कारण कोणीतरी त्याची पात्रता तपासलेली असणार असे आपण धरून चालतो. ही तपासणी ज्या कागदांवर होते त्यांतला एक महत्त्वाचा कागद म्हणजे वैमानिकाची लॉगबुक. आणि लॉगबुकमधल्या नोंदी प्रामुख्याने वैमानिक स्वतःच करीत असतो. म्हणजे शेवटी आपला विश्वास त्याच्या खरेपणावरच टेकलेला असतो. आज आपण याच खरेपणाचा थोडा विचार करू या.

उड्डाणाचा तास कशाला म्हणायचे याचा नियम ठरलेला आहे. उड्डाणाच्या हेतूने विमान जागेवरून हलले की वेळ सुरू होते आणि उड्डाण संपवून ते पूर्णपणे थांबले की ती संपते. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास विमानाची जबाबदारी पूर्णपणे स्वतःवर घेऊन करावे लागतात. शिवाय दूरच्या प्रवासाचे २० तास, रात्रीचे ५ तास आणि बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे १० तास लागतात. पुढे विमानाचा कप्तान व्हायचे तर १५०० तासांचा वरिष्ठ परवाना हवा. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक, कोठून कोठे, किती वेळ, हे सारे लिहावे लागते आणि प्रशिक्षणाच्या काळात जबाबदार व्यक्तीची त्यावर सही लागते.

मोह नेमका येथेच उभा राहतो. प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात. कोणाच्या वडिलांनी कर्ज काढलेले असते, कोणी जमिनीचा तुकडा विकलेला असतो. पावसाळ्यात विमाने जमिनीवर राहतात, कधी विमान नादुरुस्त असते, कधी प्रशिक्षकच मिळत नाही. तास पुढे सरकत नाहीत आणि पैसे मात्र संपत जातात. अशा वेळी पेनाने एक ओळ लिहिली की प्रश्न सुटतो. वैमानिकांच्या बोलीत अशा तासांना ‘पार्कर पेनचे तास’ असे नावच पडले आहे. विमान जागेवरच उभे असते, उडते ते केवळ पेन!

हे काल्पनिक नाही. जानेवारी २०११ मध्ये गोव्याला उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक आधी धावपट्टीला टेकले. उतरताना मागची मुख्य चाके आधी टेकावी लागतात. चौकशी सुरू झाली आणि त्या वैमानिकाने वरिष्ठ परवान्यासाठी खोट्या गुणपत्रिका दिल्याचे आढळले. ते प्रकरण परीक्षेच्या गुणांचे होते. परंतु त्याच वर्षी राजस्थानच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उड्डाणाचे तास खोटे दाखवल्याच्या आरोपावरून काही जणांना अटक केली. त्यानंतर देशभरातील परवाने व उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे दप्तर तपासण्यात आले.

असे उघड खोटे चूक आहे हे सांगायला लेख नको. प्रश्न अवघड होतो तो लहान नोंदींपाशी. एक उदाहरण घेऊ. उपकरणांवर उडण्याचा सराव करताना शिकाऊ वैमानिकाच्या डोळ्यांवर एक आडोसा लावतात, म्हणजे त्याला फक्त समोरच्या तबकड्या दिसाव्यात. समजा आडोसा ४० मिनिटे लावला आणि नोंद एका तासाची केली. किंवा आडोसा तासभर होता, पण त्याच्या कडेखालून अधूनमधून क्षितिज पाहून घेतले. विमान खरोखर उडाले, पैसे खरोखर भरले, प्रशिक्षक शेजारी होता. मग हे खोटे म्हणायचे का?

यावर काही युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. त्यांना झटकून टाकणे बरोबर नाही.

पहिला युक्तिवाद : ‘तासांच्या आकड्याला अर्थच काय?’ यात तथ्य आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० जण मरण पावले. त्यानंतर तेथील संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून प्रवासी कंपन्यांच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तास आवश्यक झाले. गंमत अशी की, त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून जास्तच होते! म्हणजे आकडा पुरा असला की माणूस कुशल असतोच असे नाही. परंतु माप अपुरे असेल तर ते सुधारण्याची मागणी करावी. दुकानातील तराजू सदोष आहे म्हणून त्यात आपला अंगठा दाबणे न्याय्य ठरत नाही.

दुसरा युक्तिवाद दयेचा आहे, म्हणून तो अधिक कठीण. प्रशिक्षकाला मुलाची परिस्थिती ठाऊक असते. ‘मुलगा हुशार आहे, दहा तासांनी काय बिघडते?’ असे म्हणून तो सही करतो. त्याच्या मनात लाच नसते, माया असते. परंतु सही म्हणजे साक्ष. आठवी आज्ञा आपल्याला शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यापासून रोखते, आणि येथे शेजारी अनेक आहेत. समोर उभा असलेला मुलगा एक. उद्या त्याच्या मागच्या आसनांवर बसणारी माणसेही शेजारीच, मात्र आज ती दिसत नाहीत. समोरच्यावर केलेली दया न दिसणाऱ्यांच्या जिवावर केली तर तिला दया म्हणता येईल का?

तिसरा युक्तिवाद अभिमानाचा : ‘मला जमते, मग नोंदीचे काय एवढे?’ याचे उत्तर ढगांत मिळते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० जणांना ढगांत शिरल्यासारख्या परिस्थितीत विमान चालवायला लावले. विसांपैकी विसांचाही ताबा सुटला. त्याला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. क्षितिज दिसेनासे झाले की आपल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. विमान वळत असताना शरीर सांगते, ‘आपण सरळ चाललो आहोत.’ अशा वेळी स्वतःच्या जाणिवेवर विश्वास न ठेवता तबकडीवर ठेवणे, हेच त्या १० तासांत शिकायचे असते. ‘मला जमते’ ही जाणीव तेथे सर्वांत मोठी शत्रू असते.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. लॉगबुक हीदेखील एक तबकडीच आहे. वैमानिकाचे कौशल्य आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही, ते या तबकडीवर पाहायचे असते. परवाना देणारे तीच पाहतात, नोकरी देणारे तीच पाहतात. आणि वैमानिकानेही आपण किती शिकलो हे तेथेच पाहायचे असते. खोटी नोंद करणारा कायदा मोडतो हे खरेच, पण तो त्याबरोबर ही तबकडीही बिघडवतो. काही वर्षांनी आपले कोणते तास खरे आणि कोणते पेनाचे, हे त्यालाही आठवेनासे होते. मग आपण जे शिकलोच नाही, ते शिकलो आहोत असे त्याला मनापासून वाटू लागते.

याचा अर्थ सतत धास्तावून राहावे असा नाही. अनेक विमानांतील तास मोजणारे यंत्र तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटे, इतकेच बारीक मोजते. दोन-चार मिनिटांचा फरक हे पाप नव्हे. बेरीज चुकणे हेही खोटे बोलणे नव्हे. चूक झाली तर चांगल्या लॉगबुकमध्ये ती खोडून काळी करीत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारतात, शेजारी योग्य आकडा लिहितात आणि सही करतात. चूकही वाचता येते, दुरुस्तीही वाचता येते. पश्चात्तापाची ही रीत आपणही शिकण्यासारखी आहे.

आणि जाणूनबुजून खोटे लिहिले असेल तर? जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. पण न केलेले उड्डाण पैशांनी परत करता येत नाही. त्याची भरपाई एकच : ती नोंद रद्द करवून घेणे, जे परिणाम होतील ते सोसणे आणि तो तास खरोखर उडणे. यात परवाना जाऊ शकतो, करिअर लांबू शकते. मार्ग महाग आहे, म्हणून तर पहिली खोटी ओळ लिहिण्यापूर्वीच थांबणे शहाणपणाचे.

आपल्यातील काही मुलेमुली वैमानिक होण्याची स्वप्ने पाहत असतील. काही जण जहाजांवर आहेत, त्यांना समुद्रावरील सेवेचे दिवस असेच नोंदवावे लागतात. काही भगिनी रुग्णालयात रात्रपाळीला रुग्णाचा ताप व रक्तदाब कागदावर लिहितात. पालकांना आमची विनंती आहे : मुलाला ‘किती तास झाले?’ असे विचारताना ‘किती शिकलास?’ असेही विचारावे. उशीर झाला तरी चालेल, हे घरातून एकदा स्पष्ट ऐकले की त्याच्या हातातील पेनावरचा भार बराच हलका होईल.