उघडा जांभा आणि जुने फोटो

जुन्या गोव्यातली बॉम जेझूस बासिलिका म्हटली की डोळ्यांपुढे तांबूस जांभ्याच्या उघड्या भिंती येतात. कॅलेंडरे, पोस्टकार्डे, सहलीचे अल्बम यांतून हेच रूप आपल्या मनावर ठसले आहे. चिरे झिजलेले, कडा बोथट झालेल्या, जागोजागी पावसाचे काळे ओघळ. ‘चारशे वर्षांची वास्तू अशीच दिसायची’ असे पाहणारा सहज म्हणून जातो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोझा आणि पॉल या गोव्यातल्या स्टुडिओने काढलेले इथले फोटो आणि त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांतले फोटो शेजारी ठेवले, तर हा समज कोसळतो. त्या फोटोंत बासिलिकेच्या भिंती फिकट आहेत. त्यांवर चुन्याचा गिलावा आहे.

कृष्णधवल फोटोवरून रंग कसा सांगणार, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्या काळच्या तंत्रातच मिळते. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या फोटोंत निळे आकाश पांढरेफटक येते आणि तांबडी वस्तू काळपट उमटते. जांभा उघडा असता तर भिंती गडद आल्या असत्या. त्या उजळ आल्या आहेत, म्हणजे चिऱ्यावर पांढरे काहीतरी होते. जुना फोटो एवढी नेमकी साक्ष देऊ शकतो. मात्र त्याच्याकडे हळवेपणाने न पाहता कागदपत्रासारखे वाचावे लागते.

या चर्चची पायाभरणी 1594 मध्ये झाली आणि 1605 मध्ये त्याचा अभिषेक झाला. भिंतींना स्थानिक जांभा वापरला आणि दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी काळा बेसाल्ट वसईहून गलबतांनी आणला. निवड विचारपूर्वक होती. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो, चिरे झटपट घडवता येतात. पण त्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. वर तो सच्छिद्र. त्याच्या छिद्रांत माती असते आणि पाणी मुरत गेले की ती हळूहळू धुऊन निघते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत जांभ्याची भिंत उघडी ठेवणे म्हणजे मुद्दाम झिजू देणे, हे कोकणातल्या गवंड्याला कोणी शिकवायला नको. म्हणून वर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. पावसाचा मार गिलावा सोसतो, आतला ओलावा बाहेर सोडतो, झिजला की पुन्हा चढवता येतो. दगड मात्र पुन्हा चढवता येत नाही.

इथेच डोंगरावरच्या सेंट ऑगस्टीन चर्चचे फोटो आठवतात. त्या विशाल चर्चचे बांधकाम सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाले. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला आणि अवघ्या सात वर्षांत, 1842 मध्ये, छताची कमान कोसळली. दर्शनी भिंत मात्र उभी होती. जुन्या फोटोंत ती झाडोऱ्यातून वर आलेली दिसते. 1931 मध्ये तीही पडली. आज उरला आहे एका मनोऱ्याचा साधारण 46 मीटरचा सुळका. त्याची घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. बॉम जेझूसची गत अशी झाली नाही, कारण तिथे माणसांचा राबता थांबला नाही. शहर रोगराईने ओसरले, 1759 मध्ये जेझुइट हाकलले गेले, 1843 मध्ये राजधानीचा दर्जा रीतसर पणजीला गेला, तरी सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव 1624 पासून याच चर्चमध्ये असल्याने भाविक येतच राहिले. गोव्यातले हिंदूही ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांच्यापुढे हात जोडतात. जिथे माणसे येतात तिथे दुरुस्ती होते, छपराची कौले बदलली जातात, भिंतीला चुना लागतो. या वास्तूला टिकवले ते या न दिसणाऱ्या, पुन्हापुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाने. ते करणाऱ्यांची नावे कुठल्या शिलालेखात नाहीत. फोटोतली पांढरी भिंत हीच काय ती त्यांच्या हातांची नोंद.

मग गिलावा गेला कुठे? 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगालहून आलेले वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली तो काढला गेला. पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तिथल्या जुन्या वास्तूंवरही असेच प्रयोग झाले होते. नंतरच्या काळात चढलेले थर खरवडायचे, आजूबाजूची बांधकामे हटवायची आणि दगड उघडा करून वास्तूला ‘मूळ’ प्राचीन रूप द्यायचे, ही त्या राजवटीची आवड होती. गोव्यात तिला राजकीय घाईही होती. भारत स्वतंत्र झाला होता आणि गोव्यावर हक्क सांगत होता. लिस्बनने 1951 मध्ये घटना बदलून गोव्याला वसाहतीऐवजी ‘सागरापारचा प्रांत’ म्हटले. 1952 मध्ये झेवियर यांच्या निधनाला चारशे वर्षे होत होती आणि शवप्रदर्शन सोहळ्याकडे जगाचे लक्ष लागणार होते. गोवा हा पोर्तुगालचा पुरातन भाग आहे असे दाखवायचे, तर वास्तूही पुरातन दिसायला हवी. ज्याला आपण चार शतकांचे वार्धक्य समजतो, ते सत्तर वर्षांपूर्वी एका राजवटीने आपल्या सोयीसाठी चढवलेले रूप आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोव्यातली पोर्तुगीज राजवट 1961 मध्ये गेली, रूप मात्र राहिले. 1986 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली तीही तांबड्या भिंतींसकट. गोव्यातले वास्तुशास्त्राचे अभ्यासक विश्वेश कांदोळकर यांनी गिलावा काढण्यामागचा हा इतिहास आणि पावसाने होणारी झीज यांवर विस्ताराने लिहिले आहे. 2020 मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनीच भिंतींना पुन्हा गिलावा करण्याची जाहीर मागणी केली. त्यावर अनेकांनी आक्षेप घेतला की तांबडी बासिलिका ही आता गोव्याची ओळख आहे. जतनशास्त्रातला एक तात्त्विक मुद्दाही या बाजूने मांडता येतो. वास्तूवर उमटलेल्या प्रत्येक काळाच्या खुणेचा मान राखावा, असे 1964 ची व्हेनिस सनद सांगते. मग 1952 चा काळही इतिहासाचाच नव्हे का?

हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण ती सनद प्रत्येक काळाने वास्तूला दिलेल्या भरीबद्दल बोलते. इथे भर पडलीच नाही, होते ते काढून घेतले गेले. आणि दर पावसाळ्यात दगडाचा आणखी थोडा भाग त्यामागोमाग जातो. ओळख टिकवण्यासाठी वास्तू झिजू द्यायची, हा व्यवहार मला मान्य नाही. गिलाव्याला विरोध करणाऱ्यांची एक भीती मात्र खरी आहे. सत्तर पावसाळे खाल्लेल्या चिऱ्यांत क्षार आणि ओल साठलेली असणार. घाईने, त्यातही सिमेंट मिसळून लेप दिला तर ओल आत कोंडून नुकसान वाढेल. म्हणून आधी एका लहान भिंतीवर शुद्ध चुन्याचा गिलावा करावा, काही पावसाळे त्याची मोजमापे घ्यावीत, ती लोकांसमोर ठेवावीत आणि मगच पुढे जावे. जांभ्याच्या देवळांचे आणि वाड्यांचे गिलावे ‘दगड छान दिसतो’ म्हणून खरवडण्याचा मोह होणाऱ्यांनीही या उदाहरणाकडे पाहावे.

हे काम पुरातत्त्व खात्याचे असले तरी पुरावा घराघरांत असू शकतो. 1922, 1931 आणि 1942 या सालीही शवप्रदर्शन झाले होते. गोवा, सावंतवाडी, कारवार, बेळगाव, मुंबई इथल्या कुटुंबांतली माणसे तेव्हा जुन्या गोव्याला गेली असतील, तर त्यांच्या अल्बमांत चर्चपुढे उभे राहून काढलेले फोटो सापडू शकतील. ते काढा. आजोबा-आजींच्या मागे दिसणारी भिंत नीट पाहा, मागच्या बाजूला साल लिहिलेले असेल तर टिपून घ्या, आणि फोटोची चांगली प्रत पणजीच्या पुराभिलेखागाराला किंवा पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला द्या. कोणत्या बाजूला, कोणत्या वर्षापर्यंत, कसा गिलावा होता हे ठरवायला असा एकेक फोटो उपयोगी पडेल.