दुसऱ्याच्या वाट्याचं फळ

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत. अमळनेरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे गुरुजी आधी प्रताप हायस्कूलचे मास्तर म्हणून ठाऊक असतात, ‘श्यामची आई’ नंतर येते. मीही मास्तरच. तालुक्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवलं आणि उरलेल्या वेळात कबड्डीची पंचगिरी केली. या दोन कामांनी मिळून माझ्यापुढे एक प्रश्न आणून ठेवला, आणि तो त्या तुरुंगातल्या एखाद्या कैद्याने विनोबांना विचारला असता तर फार बरं झालं असतं असं मला वाटतं. कर्म करावं, फळ सोडावं, हे मान्य. पण फळ मुळात माझ्या एकट्याचं नसेल, साऱ्या गावाचं असेल, तर ते सोडून देण्याचा अधिकार मला कुठून आला?

प्रश्न पुस्तकी वाटेल. मैदानावर तो अजिबात पुस्तकी नसतो.

कापसाची वेचणी उरकत आली, रात्रीची थंडी पडली, की अमळनेर, पारोळा, चोपडा या बाजूला गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा सुरू होतात. ‘भव्य खुल्या कबड्डी स्पर्धा’ असा फलक फाट्यावर लागतो. भव्य म्हणजे शाळेमागचं पटांगण, चार खांबांवर चार दिवे, आणि दुपारी पाणी मारून सायंकाळी फक्कीने आखलेलं मैदान. वजनगट ५५ किलोचा असला तर खेळाडूंना धान्य व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं करतात आणि दोन पोरं त्या दिवशी सकाळपासून उपाशी असतात. प्रवेश फी मंडळाची, जेवण यजमान गावाचं. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. पहिल्या फेरीत हरलेला संघसुद्धा जेवल्याशिवाय जात नाही. माझ्या मते खानदेशात कबड्डी टिकली त्याचं अर्धं श्रेय या भाजीला आहे.

खेळणारे कोण? एक जिनिंगमध्ये गाठी उचलतो. एक रावेरकडे केळीच्या कापणीला जातो, दिवसभर घड वाहून आलेला असतो. दोघे-तिघे पोलीस भरतीची तयारी करणारे, एक वायरमनच्या हाताखाली, एक कॉलेजात नाव असलेला. यांना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. बक्षिसाची रोख रक्कम मंडळाच्या पेटीत जाते. तिच्यातून पुढच्या वर्षीचे गणवेश येतात आणि काही वेळा गणपतीचा मंडपही. २०१४ पासून प्रो कबड्डी आली, खेळाडूंचे लिलाव टीव्हीवर दिसू लागले. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, गरिबाघरच्या पोरांना त्यातून घरं बांधता आली. पण तिथे कर्म आणि फळ यांचा हिशेब सरळ आहे: तुझी चढाई, तुझे पैसे. आमच्या पटांगणावर चढाई एकाची आणि फळ भलत्याचंच.

हे तर खेळाच्या नियमांतच आहे. मी बाद झालो, माझ्याच चुकीने, म्हणून बाहेर जाऊन बसलो. आता मी कितीही पश्चात्ताप केला तरी आत येऊ शकत नाही. माझा सोबती समोरच्या अंगणात जातो, कुणाला तरी शिवून मध्यरेषेवर परत येतो आणि मी उठून आत जातो. आधी बाद झालेला आधी उठतो, एवढीच रांग. त्यात माझं पुण्य कुठे आलं? आपल्या शास्त्रकारांनी कर्माच्या सिद्धान्ताला दोन कुंपणं घातली आहेत. केलेलं कर्म फळ न देता नष्ट होतं असं मानलं तर कृतप्रणाशाचा दोष, आणि न केलेल्याचं फळ मिळतं असं मानलं तर अकृताभ्यागमाचा. वर्गात मी हे शिकवायचो आणि शनिवारी रात्री शिट्टी तोंडात धरून, अकृताभ्यागमाच्या दोषाने भरलेला खेळ निःशंकपणे चालवायचो. अर्थात आखाजीला आपण पितरांची घागर भरतो तेव्हाही हेच करत असतो. कर्म मुलाचं, तृप्ती बापाची. सिद्धान्ताचं कुंपण आपल्या घरातल्या बायकांनी फार पूर्वीच ओलांडलेलं आहे आणि कुठल्या शास्त्र्याने त्यांना अडवल्याचं मी ऐकलं नाही.

कुस्तीत ही भानगड नाही. आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे ओळीने तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. सारा जिल्हा आनंदला, पण चांदीची गदा ज्याने कुस्ती मारली त्याच्याच खांद्यावर शोभली. कबड्डीत गदा नाही. शेवटची पकड ज्याने केली त्याला पोरं खांद्यावर घेतात, आणि त्याच्याआधी पायाला साखळी घालून ज्याने चढाईपटूला अडवून धरलेलं असतं तो धूळ झटकत मागे चालत असतो.

मग फलत्याग इथे आपोआपच साधतो का? मला पूर्वी तसं वाटायचं. विनोबांचं म्हणणं असं की फळावर डोळा असलेल्याचं तेवढं लक्ष कामातून कमी होतं. फळ सोडणारा कामात पूर्ण उतरतो. हे पंचाच्या जागेवरून मी अनेकदा पाहिलंय. दम धरून चढाईला गेलेला पोरगा गुणफलकाकडे एकदा बघतो आणि त्याच क्षणी कोपऱ्यावरचा त्याच्या घोट्याला मिठी मारतो. शिवाय स्वधर्माबद्दल विनोबा म्हणतात की तो शोधावा लागत नाही, आपण जन्मण्याआधीपासून तो आपली वाट पाहत असतो. गावाचा संघ तसाच. कुणी निवडलेला नसतो. ज्या गल्लीत जन्मलात त्या गल्लीचा संघ.

हे फक्त आमच्याकडचं नाही. माझा भाचा आयर्लंडात नोकरीला आहे. तिथे हर्लिंग नावाचा खेळ आहे: एका बाजूला पंधरा जण, हातात ॲश लाकडाची रुंद टोकाची काठी, आणि चेंडू डोक्यावरून असा जातो की पाहणाऱ्याने मान आत घ्यावी. १८८४ साली स्थापन झालेली त्यांची संघटना हा खेळ चालवते. गावागावांचे क्लब, खेळणारे शेतकरी, शिक्षक, सुतार, आणि खेळण्याचा पगार कुणालाच नाही. साधारणपणे माणूस आपल्या गावाच्या क्लबातच खेळतो आणि तिथेच म्हातारा होतो. किल्केनीकडचं बॅलीहेल हे छोटंसं गाव. तिथल्या हेन्री शेफलिनने जिल्ह्याच्या संघाकडून देशाचं अजिंक्यपद दहा वेळा जिंकलं आणि मग तो गावातल्याच पोरांना शिकवायला उभा राहिला. २०१९ आणि २०२० मध्ये बॅलीहेलने क्लबांचं अखिल आयर्लंड अजिंक्यपद घेतलं. २०२२ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी बॅलीगनरने गोल केला आणि बॅलीहेल एका गुणाने हरलं. २०२३ मध्ये तेच गाव पुन्हा जिंकलं. भाच्याने चित्रफीत पाठवली ती मी चहा गार होईपर्यंत पाहिली. बॅलीहेलच्या पोरांचे चेहरे मला ओळखीचे वाटले, आमच्या ५५ किलोवाल्यांचे असतात तसेच.

तरीही फलत्याग आपोआप साधतो हे मला आता मान्य नाही. माणूस ‘मी’ सोडतो आणि त्याच्या जागी ‘आमचं गाव’ ठेवतो. अहंकार गेला नाही, त्याचा शर्ट मोठा झाला. गावाच्या नावाने भाड्याचे खेळाडू आणले जातात; म्हणून आता संयोजक आधार कार्ड बघतात, आणि आधार कार्डावरचा पत्ताही हुशार माणसं बदलून आणतात. गावाच्या नावाने संघात कुठल्या वस्तीतली पोरं घ्यायची आणि कुठल्या नाही हेही ठरतं, मग तेच लोक मैदानावर ‘आपलं गाव एक’ म्हणून ओरडतात. हे मी पाहिलंय आणि हे पाप आहे. गीतेचं नाव घेऊन त्यावर पांघरूण घालता येणार नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. आमच्याच गावाचा संघ अंतिम सामन्यात होता, म्हणून त्या सामन्याची पंचगिरी मी घेतली नव्हती; निवेदकाच्या टेबलापाशी बसलो होतो. आम्ही एका गुणाने पुढे, समोरच्यांची शेवटची चढाई. चढाईपटूने डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला, काही हाती लागलं नाही असं समजून तो हात हलवत परतला. पंचांना दिसलं नाही. मला दिसलं नाही. त्या चढाईपटूने गुण मागितलासुद्धा नाही. आणि आमच्या डाव्या कोपऱ्यावरच्या पोराने स्वतःच हात वर केला आणि बाहेर चालू लागला. बरोबरी झाली. पाच-पाच चढाया दिल्या गेल्या, त्यांत आम्ही हरलो.

मंडळाचे अध्यक्ष त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. “तुले कोनी इचारं व्हतं का रे?”

“पाय लागना व्हता, दादा.”

त्यानंतर त्याला जे ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही. पण शिव्या वजा केल्या तर अध्यक्षांच्या बोलण्यात एक युक्तिवाद होता आणि तो हलका नव्हता. ते म्हणत होते: तुझं सत्य तू पाळलंस, छान. पण त्याची किंमत तुझ्या खिशातून गेली नाही. अकरा पोरं दोन महिने रात्री सराव करत होती, त्यांच्या पदरातलं तू परस्पर देऊन टाकलंस. मला हरिश्चंद्र आठवला. राजाने सत्यासाठी राज्य दिलं हे आपण कौतुकाने सांगतो. तारामती आणि रोहिदास बाजारात उभे राहिले तेव्हा ‘तुम्हाला चालेल का’ असं त्यांना कुणी विचारलं होतं का, हे कथेकरी सांगत नाही.

आमच्या अमळनेरात १९१६ पासून प्रताप तत्त्वज्ञान मंदिर आहे. प्रतापशेठांनी ते काढलं, देशभरचे वेदान्ती तिथे येऊन राहिले. तिथल्या अद्वैत्याने हा प्रश्न एका वाक्यात मिटवला असता: आमचा संघ आणि तुमचा संघ हा भेदच खोटा, मग कुणाचं फळ कुणी दिलं? खरं असेल. पण ज्या पोराच्या वडलांना दुसऱ्या दिवशी चावडीवर टोमणे ऐकावे लागले त्याला या उत्तराचा उपयोग नाही. मला त्याच्या उपयोगाचं उत्तर हवं होतं.

ते मला विनोबांच्याच एका दृष्टान्ताच्या आधाराने सापडलं. एक न्यायाधीश असतो. त्याने शेकडो जणांना फाशी दिलेली असते. एक दिवस त्याचा मुलगाच खुनाच्या आरोपाखाली समोर येतो, आणि न्यायाधीशाला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. विनोबा म्हणतात, अर्जुनाचं तत्त्वज्ञान असंच होतं. ते अहिंसेतून आलं नव्हतं, समोर आपली माणसं दिसली म्हणून आलं होतं. आमच्या अध्यक्षांना मी एवढंच विचारलं: हाच हात समोरच्या संघातल्या पोराने वर केला असता तर? त्यांनी त्याला जागेवर शंभर रुपये बक्षीस दिलं असतं. मागे एकदा दिलंही होतं, मी साक्षीला होतो. मग दुसऱ्याच्या कष्टांची त्यांना लागलेली काळजी ही काळजी नव्हती.

आणि तो त्याग होता, हेही मी आता मानत नाही. बांधापलीकडचं सीताफळ तोडलं नाही म्हणून कुणी दानशूर होत नाही. पाय लागला त्याच क्षणी तो गुण समोरच्यांचा झाला होता. पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे मी पंच म्हणूनच सांगतो. पण अंतिम असतो तो सामना वेळेवर संपावा म्हणून. पंचाने न पाहिल्यामुळे न लागलेला पाय लागत नाही आणि लागलेला सुटत नाही. अकरा जणांच्या पदरात तो गुण पडलाच नव्हता, तर पोराने त्यांचं काय दिलं? तारामतीचं तसं नव्हतं. ती हरिश्चंद्राची नव्हती, स्वतःची होती. म्हणून हरिश्चंद्राचा हिशेब मला अजून जुळत नाही; या पोराचा जुळतो.

यंदाच्या संघात मंडळाने त्याला पुन्हा घेतलंय. गावाचा राग गेला असं नाही, ५५ किलोत तसा डावा कोपरा दुसरा नाही. कारण कुठलंही असो, घेतलं हे ठीक झालं. येत्या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. खेळाडूने स्वतः हात वर केला तर त्याला बाहेर येऊन बसू द्या, आणि त्याच्याच गावच्या माणसांना गुणलेखकाच्या टेबलापासून चार हात लांब ठेवा.