जरा सरकता का?

आमच्या भागातल्या एका बागेच्या सल्लागार समितीवर मला नेमलं गेलं, ते माझ्या अंगच्या कुठल्याही गुणामुळे नव्हे. नावं ठरत होती तेव्हा नेमणाऱ्यांच्या घरी मी चहा पीत बसलो होतो. "हे आहेतच की रिकामे!" एवढीच माझी पात्रता. पगार नाही, भत्ता नाही. मुदत 3 वर्षं. मी 11 वर्षं राहिलो.

वरची 8 वर्षं कशी झाली म्हणाल, तर कुणी 'जा' म्हटलं नाही म्हणून. पुण्यात पाहुण्याला 'आता निघा' हे सुचवायच्या शंभर सभ्य तऱ्हा आहेत. समितीवरच्या माणसाला सुचवायची एकही नाही.

"अहो, तुमची मुदत संपली ना?" सौ.ने एकदा विचारलं.

"संपली. पण मी सोडलं तर बघणार कोण? पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे फक्त मला ठाऊक आहे."

"मग 11 वर्षांत कुणाला सांगितलं का नाहीत?"

बायका तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचत नाहीत, तरी नेमका प्रश्न विचारतात. माणूस अपरिहार्य असतो की स्वतःला तसा करून ठेवतो? मी दुसरं केलं होतं. अनुभव म्हणजे ठेव, हे मला पटत होतं. ती ठेव मी स्वतःच्याच नावावर ठेवली होती, हे लक्षात आलं नव्हतं.

पूर्वीची माणसं या बाबतीत शहाणी होती. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या सुमारे 1100 वर्षांपूर्वीच्या शिलालेखात गावसमित्यांचे नियम कोरलेले आहेत. नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून एक काढून घ्यायची. मागच्या 3 वर्षांत जो समितीवर होता, त्याचं नाव मडक्यातच टाकायचं नाही. हिशेब न देणारा तर बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद! आपल्याकडेही महापालिकेच्या स्थायी समितीत 16 जण असतात आणि पहिल्या वर्षाअखेर त्यांतल्या 8 जणांना चिठ्ठ्या टाकून घरी पाठवतात. चिठ्ठीला ना मैत्री कळते, ना चहा.

आता कुणी म्हणेल, नेमलेला माणूस नेमणाऱ्याचाच व्हायचा. तसं काही नाही. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, निवडून आलेले नव्हे, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला त्यांनी एकट्यानं विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. नेमणारा सरकार, पण देणं लोकांचं, हा हिशेब त्यांना स्पष्ट होता.

माझा हिशेब कुठे चुकला, ते सांगतो. शेवटच्या वर्षी समितीवर एक तरुण मुलगी आली. म्हणाली, "काका, दुपारी बागेला कुलूप असतं. घरकाम करणाऱ्या बायका दोन कामांच्या मधल्या वेळात फुटपाथवर बसून डबा खातात. दुपारीही उघडी ठेवू या ना."

मी चष्मा पुसत म्हटलं, "आमच्या वेळी करून पाहिलंय. जमत नाही."

करून काही पाहिलं नव्हतं. पण 11 वर्षं बसलेल्या माणसाचा शब्द कोण तपासतो? सगळ्यांनी माना डोलावल्या, ती गप्प बसली आणि बायका आणखी एक उन्हाळा फुटपाथवर जेवल्या. मी पैसा खाल्ला नाही, वशिला लावला नाही. नुसता बसून राहिलो. बसून राहण्यानंही दुसऱ्याची सावली जाते, हे मात्र त्या रात्री झोप येईना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. खाली व्हॉल्व्हचा नकाशा काढला आणि 'दुपारचं मी खोटं बोललो' हेही लिहिलं. कुणी "राहा हो" म्हणालं नाही, याचं थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता बाग दुपारीही उघडी असते. परवा बकुळीखालच्या बाकावर पेंगत होतो. डबे घेऊन तिघी आल्या. त्यांतली एक म्हणाली, "आजोबा, जरा सरकता का?"

सरकलो. पूर्वीपेक्षा लवकर.